नेलपेंटचं उत्तर अठ्ठ्याऐंशी

‘आपली मुलगी मंद तर नाही ना?’

या एका प्रश्नाने आईची झोप उडवली होती, आणि नेमका हाच प्रश्न माझ्याकडे नव्हता.

मी सामान्यज्ञानाचा खोका. हो, बोलतोय तो मीच. आजवर कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून एवढा घसा ताणतोय. माझ्या पोटात दोनशे पत्ते आहेत. भूगोलाचे निळे, इतिहासाचे पिवळे, संगीताचे हिरवे आणि चालू घडामोडींचे लाल. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नसून कॅनबेरा आहे, हे मी सांगू शकतो. शंभर वर्षांचं म्हणून जे युद्ध प्रसिद्ध आहे ते प्रत्यक्षात एकशे सोळा वर्षं रखडलं, हेही सांगू शकतो. पण सहा वर्षांची मुलगी घरात दिवसभर गुणगुणते आणि वर्गात पाऊल टाकलं की तिच्या तोंडाला कुलूप लागतं, हे का, याचा पत्ता छापायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आणि तरी त्या बाईने सगळी भिस्त माझ्यावर टाकली. माझी चिडचिड इथूनच सुरू होते.

आधी माझ्या जन्माचं सांगतो, कारण सगळं लचांड तिथलंच आहे. एका छापखान्यात मोठमोठ्या जाड कागदांवर मी छापला गेलो, मग यंत्राने माझे सारखे चौकोन कापले. ज्याने माझी मांडणी केली तो माणूस काटकसरी असावा. त्याने प्रश्न आणि उत्तर एकाच बाजूला बसवलं. वर ठळक प्रश्न, खाली बारीक अक्षरात उलटं उत्तर. मागची बाजू मोकळी, तिथे नुसतं चित्र. निळ्यावर पृथ्वीचा गोल, पिवळ्यावर मुकुट, हिरव्यावर स्वरलिपीची चिन्हं, लालवर वर्तमानपत्र. म्हणजे माझं ज्ञान सगळं तोंडावर, पाठ कोरी. एवढं लक्षात ठेवा. आईने ठेवलं नाही.

खेळण्यांच्या दुकानात मी अशा फळीवर होतो, जिथे मुलं थांबतच नाहीत. थांबतात ते काका आणि मामा. भेट काय द्यावी हे सुचेनासं झालं की माणसं ज्ञान देतात. तसंच मला एका मामाने उचललं, चकचकीत कागदात गुंडाळलं आणि भाच्याच्या वाढदिवसाला नेऊन दिलं. भाच्याने कागद फाडला, मला बघितलं, आणि ‘अरे वा’ असं इतक्या पडेल आवाजात म्हणाला की मला तिथेच कळलं, इथे आपलं काही खरं नाही.

त्या भाच्याला घरात दादा म्हणत. दादाने माझ्या पत्त्यांचे मनोरे रचले, त्यांच्यावर बॉल मारले, एका पिवळ्या पत्त्याचा कोपरा चावून चावून त्याच्यावर दातांची महिरप काढली. दादाच्या बाबांनी माझ्यावर चहाचे कप ठेवले आणि एका लाल पत्त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. दादाची आई नवीन नेलपेंट आणलं की त्याचा रंग आधी माझ्या एका हिरव्या पत्त्याच्या पाठीवर ओढून बघायची; पाच रंगांचे पाच पट्टे अजून आहेत. कुणाच्या तरी बुटाचा ठसा, मेणबत्तीचं मेण, डिंकाला चिकटलेली मांजराची लव. पाठीवर सगळं आलं. तोंडाकडे मात्र त्या घरात एकानेही पाहिलं नाही. आता एवढ्या वर्षांत कुणी एक प्रश्न वाचायला काय हरकत होती? टेबलाखाली वाकलात, पत्त्याची घडी केलीत, ती करताना तरी डोळे उघडे होते ना?

मग एकदा घर आवरायची लहर आली आणि मी पिशवीत घालून धाकट्या जावेकडे रवाना झालो. ही धाकटी जाऊ म्हणजेच आई.

“आमच्या दादाचं सगळं तोंडपाठ झालंय,” मोठी जाऊबाई म्हणाली. माझं कुणी ऐकत असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. “आता तुमच्या भुंगीला होऊ दे. तिला जास्त गरज आहे, नाही का?”

ते ‘नाही का’ आईला चांगलंच लागलं. तिने हसून “हो ना ताई” म्हटलं आणि माझा खोका इतका आवळून धरला की माझी एक कड दबली.

भुंगी म्हणजे आईची मुलगी. सारखी गुणगुणते म्हणून भुंगी. दात घासताना, मोजे घालताना, जमिनीवर पालथं पडून चित्रं काढताना तिचा तो बारीक सूर चालूच. आणि शाळेत? वर्गशिक्षिकेने पालकांच्या सभेत आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तिला येतही असेल हो. पण मला कळायचं कसं? शाळा सुरू झाल्यापासून स्वतःहून एक वाक्य बोललेली नाही. मी विचारलं तर मख्खपणे बघत राहते. माझ्याकडे एवढी मुलं आहेत. आपण तिला छोट्या गटात टाकू या का?”

छोटा गट म्हणजे मागे पडलेल्या मुलांचा गट. तो लांब बोळकांडीच्या टोकाला, मोडक्या बाकांच्या कोठीशेजारी भरतो. तिथे गेलेलं मूल परत मोठ्या वर्गात आल्याचं कुणाला आठवत नाही. महिनाअखेर मुख्याध्यापिका स्वतः भुंगीला बोलावून चार साधे प्रश्न विचारणार होत्या, आणि मग निर्णय.

चार प्रश्न. आणि घरात तर दोनशे पडले होते! आईला मी म्हणजे देवाने धाडलेला वाटलो.

ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची, भिंगं बदलत राहायचं. तिथून घरी आली की हात धुवून ती थेट जेवणाच्या टेबलाशी बसायची. समोर भुंगी, हनुवटी टेबलावर टेकवून. आई पत्ता चेहऱ्यासमोर धरायची आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात प्रश्न वाचायची. आई माझ्या तोंडाकडे बघत असायची. भुंगी माझ्या पाठीकडे.

सुरुवातीचे काही दिवस भुंगी ढिम्म. आई स्वतःच उत्तर सांगायची, दोनदा, तीनदा, गाण्यासारखं म्हणून दाखवायची, आणि मग उठून उगाचच स्वयंपाकघरातला ओटा पुसायची. पुसता पुसता स्वतःशी बोलायची. “मी तिला लहानपणी फार टीव्ही दाखवला का? कामावर लवकर रुजू झाले, ते चुकलं का? की माझंच डोकं तिने घेतलंय?” मला वाटायचं, बाई, ओटा स्वच्छ आहे, जरा इकडे ये आणि मला उलटा करून बघ.

मग एक दिवस अचानक,

“पियानोला पट्ट्या किती असतात?”

“अठ्ठ्याऐंशी,” भुंगी म्हणाली.

आईच्या हातातून पत्ता गळून पडला.

त्यानंतर धडाकाच लागला. कॅनबेरा, प्रशांत महासागर, एकशे सोळा वर्षं. आई मोहरून गेली. भुंगीच्या बाबांना तर तिने गाडीची किल्लीही खाली ठेवू दिली नाही, दारातच उभं करून पाच प्रश्न ऐकवले. बाबा म्हणाले, “कमाल आहे! मला यातलं एकही आलं नसतं.”

“तू शाळेत असताना काय करत होतास?”

“छोट्या गटात असणार,” बाबा म्हणाले आणि आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते निमूटपणे बूट काढायला बसले.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. हिला प्रश्न ऐकूच येत नव्हता. म्हणजे कान ठीक होते, पण ऐकायची तिला गरज नव्हती. ती माझ्या पाठीवरचे डाग वाचत होती. पाच रंगांचे पट्टे दिसले की अठ्ठ्याऐंशी. बुटाचा ठसा दिसला की कॅनबेरा. दातांची महिरप म्हणजे एकशे सोळा. कधी कधी तर आईचं “शंभर वर्षांचं” एवढंच व्हायचं आणि भुंगी उत्तर देऊन मोकळी. आईला वाटायचं, काय ही चपळाई!

अहो, इतकं स्पष्ट होतं! जे पत्ते दादाच्या घरात तळाशी राहिल्यामुळे कोरेच होते, त्यांतलं एकही उत्तर भुंगीला यायचं नाही. ‘पृथ्वीवर खंड किती?’ हा माझ्यातला सगळ्यात बाळबोध प्रश्न. पत्ता कोरा, म्हणून भुंगी गप्प. आईने अशा पत्त्यांचा वेगळा गठ्ठा केला, त्याला रबर लावला आणि बाबांना समजावून सांगितलं, “सोप्या प्रश्नांना ती उत्तरंच देत नाही. तिला ते कंटाळवाणे वाटत असणार. अशा मुलांचं असतं तसं.”

“कशा मुलांचं?”

“अरे, अशाच.”

एकदा तर मी माझ्याकडून सगळं करून पाहिलं. चहाचा गोल उमटलेला एक निळा पत्ता आईच्या हातातून मुद्दाम निसटला. (तसं पंख्याच्या वाऱ्याने झालं, पण श्रेय मी घेतो.) आईने तो उचलला, ‘ई, किती घाण’ म्हणाली आणि ओल्या फडक्याने पाठ घासून घासून लख्ख केली. दुसऱ्या दिवसापासून तो पत्ता भुंगीला येईनासा झाला. “काल येत होतं, आज काय झालं?” म्हणून आई अर्धा तास हैराण. काय झालं? तू उत्तर पुसून टाकलंस, बाई, दुसरं काय!

लाल पत्त्यांची कथा वेगळीच. चालू घडामोडी छापून दुकानात येईपर्यंतच शिळ्या होतात, आणि मी तर जावेच्या घरी वर्षानुवर्षं धूळ खाऊन आलो होतो. कोणत्या देशाचा प्रमुख कोण, कोणत्या खेळात कोण जगज्जेता, सगळं बदललेलं. आई प्रत्येक लाल पत्ता फोनवर ताडून बघायची, जुनं खोडायची, नवीन लिहायची, मग रात्रीच्या बातम्यांत तेही बदलायचं. ती कपाळावर हात मारून घ्यायची. यात माझा काय दोष? माझ्या तोंडावरचं तिने इतकं तपासलं. एकेक शब्द, एकेक आकडा. पाठ मात्र एकदाही नाही.

मोठ्या जाऊबाईंना ऐकवल्याशिवाय आईला चैन पडलं नाही. तिने फोन लावला, आवाज मोठा ठेवला, आणि दातांची महिरप असलेला पत्ता भुंगीसमोर धरला.

“एकशे सोळा,” भुंगी म्हणाली.

“अगं बाई!” पलीकडून आवाज आला. “हे तर आमच्या दादालाही येत नाही. म्हणजे येतं, पण विसरला असेल. बरं भुंगे, मी विचारते हं. पृथ्वीवर खंड किती?”

भुंगीने फोनकडे पाहिलं. फोनवर एकही डाग नव्हता.

“ती ना ताई,” आई घाईघाईने म्हणाली, “सोपं विचारलं की बोलत नाही.”

“हो का?” जाऊबाई म्हणाली. दोन अक्षरांत केवढं बोलता येतं ते मी त्या दिवशी शिकलो.

एव्हाना मी आईच्या पर्समध्येच राहायला गेलो होतो. जेवणाच्या सुटीत ती मला काढून पत्ते लावायची, म्हणून नजर तपासायच्या खोलीत, भिंगांच्या पेटीशेजारी, मला कायमची जागा मिळाली होती. शाळेत जायचं त्याच्या आदल्या दिवशी मी तिथेच होतो.

एक ट्रकवाले काका आले. गाडी चालवायचा परवाना पुन्हा काढायचा होता, त्यासाठी नजर ठीक असल्याचा दाखला हवा होता. त्यांच्या आधी एक मुलगी तपासून गेली होती आणि काका बाहेर बाकावर बसून होते. आत आले, खुर्चीत ऐसपैस बसले. आईने दार लावलं, खोलीत मिट्ट काळोख झाला. ती बोर्डाच्या बटणाकडे वळत सवयीने म्हणाली, “काका, पाचवी ओळ वाचा हं.”

काकांनी पाचवी ओळ धडाधडा म्हणून टाकली. एकही अक्षर चुकलं नाही.

आईचा हात बटणावरच होता. “काका,” ती म्हणाली, “तक्त्याचा दिवा मी अजून लावलेला नाही.”

मग काका खजील होऊन हसले. “काय करू ताई? आधीची पोरगी मोठमोठ्याने वाचत होती. कानावर पडलं, राहिलं लक्षात. पोटाचा प्रश्न आहे हो.”

“असं रोज दोन जण तरी करतात,” आई म्हणाली. “म्हणून तर आम्ही तक्ता बदलतो. नाहीतर माणूस वाचतोय की नुसतं आठवतोय, हे कळणार कसं...”

आणि ती थांबली. दिवा लावायचा राहिला. अंधारात तिने माझ्या दिशेने बघितलं, हे मला दिसलं नाही, पण जाणवलं. अखेर! मला तर वाटलं, आता माझं झाकण आपोआप उडणार.

काकांना तिने दुसरा तक्ता लावून तपासलं, चष्म्याचा नंबर काढून दिला, नीट समजावलंही. पण घरी आल्यावर तिने हातसुद्धा धुतले नाहीत. एक जाड पुठ्ठा घेतला, त्याच्याआड पत्ता लपवला आणि विचारलं, “पियानोला पट्ट्या किती?”

भुंगी पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

“ऑस्ट्रेलियाची राजधानी?”

गुणगुण सुद्धा थांबली.

मग आईने पुठ्ठा खाली ठेवला आणि एक शब्दही न बोलता नेलपेंटचे पट्टे असलेला पत्ता तिच्यासमोर धरला.

“अठ्ठ्याऐंशी!” भुंगी आनंदाने म्हणाली.

“काय अठ्ठ्याऐंशी?”

“नेलपेंटचं उत्तर.”

“आणि पियानो म्हणजे काय, भुंगे?”

भुंगीने खांदे उडवले. या खेळात पियानो कुठून आला, हे तिला समजेना.

आईने मला असं ढकललं की माझे पत्ते सगळ्या फरशीवर पसरले. “मूर्ख!” ती ओरडली, आणि भुंगीचा चेहरा पडलेला पाहून लगेच म्हणाली, “तू नाही गं. मी. मी मूर्ख. दिवसभर लोकांची हीच चलाखी पकडते आणि घरात...” भुंगी खाली बसून पत्ते गोळा करू लागली, एकेक पत्ता पाठीकडून बघत, प्रत्येकाला हळूच त्याचं उत्तर सांगत.

बाबा आले तेव्हा आई खुर्चीत मटकन बसलेली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, “पण अगं, शंभरावर डाग लक्षात ठेवलेत पोरीने. मला माझ्या गाडीचा नंबर आठवत नाही. ही मंद कशी?”

“मंद नाही हे मला कळलं रे. उद्या त्यांना कसं कळणार? त्या काय डाग विचारणार आहेत?”

बाबा भुंगीशेजारी बसून पत्ते गोळा करू लागले. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि मी तर उत्तरांचाच खोका!

तर आता मी बोलतोय तो मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून. रात्री भुंगीने पत्ते भरून मला पुन्हा आईच्या पर्समध्ये ठेवलं, ते काढायचं राहून गेलं, म्हणून इथवर आलो. टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापिका, त्यांच्याशेजारी वर्गशिक्षिका. समोर आई, आणि आईला खेटून भुंगी, पाय खुर्चीवरून लोंबकळत.

मुख्याध्यापिका वाईट नाहीत. मऊ आवाजात विचारत होत्या. पृथ्वीवर खंड किती? गिटारला तारा किती? भुंगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ओठ मिटलेले, आत बारीक सूर चालू. तो फक्त आईला आणि मलाच ऐकू येत होता.

“बघितलंत ना?” वर्गशिक्षिका म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

तेव्हा आईने मला बाहेर काढलं. जीव मुठीत धरून तिने सगळं सांगितलं. पाठ, डाग, पुठ्ठा, ट्रकवाले काका, सगळं. मधेच हसली, मधेच तिचा आवाज चिरकला. “चूक माझी आहे, बाई. मला वाटलं मी तिला शिकवतेय. ती फार हुशार आहे की नाही, खरंच माहीत नाही मला. काल सकाळपर्यंत वाटत होतं, आहे. पण जिने हे सगळं टिपलं, ती मागे पडलेली नाही हो. तिला त्या खोलीत पाठवू नका.”

मुख्याध्यापिकांनी माझे पत्ते टेबलावर पसरले. एक उचलला, पाठ भुंगीकडे केली.

“कॅनबेरा,” भुंगी हळूच म्हणाली.

दुसरा.

“एकशे सोळा.”

वर्गशिक्षिका पुढे सरकून बसली. इतक्या दिवसांत तिने भुंगीचा आवाज पहिल्यांदा ऐकला असावा.

“छान,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “आणि कॅनबेरा म्हणजे काय गं?”

भुंगीने पुन्हा पत्त्यावरच्या बुटाच्या ठशाकडे पाहिलं.

“स्मरणशक्ती चांगली आहे तिची,” त्या आईला म्हणाल्या. “पण हे तर यंत्रासारखं झालं. कळ दाबली की उत्तर. आमची अडचण निराळी आहे. मुलगी आपणहून बोलत नाही. काही मागत नाही, विचारत नाही, नको म्हणत नाही. तिने स्वतःहून एक वाक्य टाकलं असतं ना, तर मी हा विषयच काढला नसता. छोट्या गटात तिच्याकडे लक्ष तरी दिलं जाईल.”

आईने मान हलवली. भांडायची सगळी तयारी करून आलेली बाई, पण समोरचा गोड बोलला की हिची बोलती बंद होते. तिच्या मांडीवरच्या पर्सचा पट्टा ती नुसता पिळत राहिली.

आता माझं एक मागणं आहे, ते ऐकून घ्या, पुन्हा संधी मिळेल न मिळेल. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणीतरी असेल, कपाटाच्या वर नाहीतर पलंगाखाली. त्यातून मुलांना खुशाल प्रश्न विचारा, माझं काही म्हणणं नाही. फक्त अधूनमधून टेबलाला वळसा घालून मुलाच्या खुर्चीत बसून बघा, तिथून काय दिसतं ते. आणि माझ्यावर कप ठेवू नका. लिहू तर मुळीच नका.

कारण हे बघा, मी बोलतोय तोवर काय चाललंय. मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकेला द्यायला चिठ्ठी म्हणून कागद शोधला आणि हाताला लागला तो माझाच एक पिवळा पत्ता उचलला. रबर लावलेल्या गठ्ठ्यातला, कोरा करकरीत. एवढ्या मोठ्या शाळेत यांना दुसरा कागद मिळू नये! पालथा घालून त्यांनी मुकुटाच्या चित्रावर निळ्या शाईने लिहिलं: ‘छोटा गट, सोमवारपासून’. खाली सही केली. शाई वाळावी म्हणून पत्ता हवेत हलवला आणि वर्गशिक्षिकेकडे सरकवला.

भुंगीचं गुणगुणणं थांबलं. ती खुर्चीवरून खाली उतरली, टेबलाला वळसा घालून गेली आणि वर्गशिक्षिकेचा हात पोचायच्या आत तिने त्या पत्त्यावर आपला पंजा ठेवला. भुंगीने आधी शाईकडे, मग थेट मुख्याध्यापिकांकडे पाहिलं आणि म्हणाली,

“बाई, आता तुम्ही यावर खूण केलीत ना, मग याचं उत्तर पण सांगा.”